येऊलांच्या बांधीतले बेडूक

१

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधू असनारे अकोल्याला, जठारपेठेतल्या आपल्या घरी चहा गाळत होत्या, तेव्हा भाचीचा फोन आला. वर्षाली रडत होती.

"आत्या, सगळे मेले गं," ती शेवटी म्हणाली.

"कोण मेले?"

"बेडूक. देवीदासकाकांच्या बांधीतले. पाण्यावर नुसती पांढरी पोटं दिसताहेत. कुणीतरी विष टाकलंय. तू ये."

बेडकांसाठी रडायचं काय, असं दुसरं कुणीही म्हणालं असतं. सिंधूताई म्हणाल्या नाहीत. सरकारी प्रयोगशाळेत त्यांची सारी नोकरी विषं ओळखण्यात गेली होती. बरणी यायची, सिंधूताई विषाचं नाव लिहून द्यायच्या, कागद कोर्टात जायचा. नाव बहुतेकदा बरोबर निघायचं. त्यानं मेलेलं कुणी परत आलं नाही, आणि त्या विषाचा डबा दुकानाच्या फळीवरून खालीही उतरला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं होतं, आता पुरे. पण फोनवर रडणारी पोरगी सख्ख्या भावाची होती. त्यांनी अकोटची बस धरली, पुढे अंजनगाव सुर्जीची, आणि तिथून ऑटोनं धामणखेडी गाठली.

धामणखेडी सातपुड्याच्या पायथ्याशी. वऱ्हाडात धान म्हणजे तसं नवलच. येऊलांचं घर पिढ्यान् पिढ्या भाजीपाला आणि झेंडू पिकवणारं. पण गावतलावाच्या खालचा त्यांचा एक तुकडा कायम झिरपत असायचा, तिथे दुसरं काही तगेना, म्हणून बापानं बांधी, म्हणजे भातखाचर, करून धान लावलं. बाप गेल्यावर दोघा भावांनी तो वाटून घेतला. पांदणीच्या अलीकडची बांधी थोरल्या देवीदासची, पलीकडची धाकट्या गोपालची. मधे फक्त बैलगाडीपुरती वाट.

अमरावतीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या वर्षालीला हेच हवं होतं. फवारणीनं धानातल्या बेडकांचं काय होतं, हा तिचा विषय. देवीदासनं शब्द दिला की आपल्या बांधीत कीटकनाशक मारणार नाही. गोपाल आपला नेहमीसारखा फवारत राहिला. तिसरा पावसाळा चालू होता. गोपालच्या बांधीत बेडकांचा आवाज दर साली विरत गेला होता. पिल्लं वाकड्या शेपटीची निघत, एखाद्याचा मागचा पाय आखूड. देवीदासच्या बांधीत मात्र दिवेलागणीला इतका गलका व्हायचा की धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून फोनवर बोलता येत नसे. एवढा पावसाळा पार पडला की वर्षाली प्रबंध लिहायला बसणार होती.

आता त्या बांधीत आवाज नव्हता. धानाच्या ओळींमधून, धुऱ्याच्या कडेनं, बेडूक उताणे तरंगत होते. शेपटी गळायची राहिलेली पिल्लं तळाशी पडली होती. वर्षाली चिखलात उकिडवी बसून एकेक उचलत होती. देवीदास कमरेवर हात ठेवून उभा होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस.

त्याची आई, पार्बताबाई, धुऱ्यावर बसली होती. वर्षाली पावसाळाभर तिच्याच घरी राहायची, तिच्याच हातचं जेवायची. पार्बताबाईला मुलगी नव्हती. पोरीला रडताना पाहून म्हातारी सकाळीच मारुतीच्या पारावर गेली होती आणि पदर पसरून मोठ्यानं म्हणाली होती, ज्यानं हे केलं त्याच्या घरात दिवा लावाले कोनी राहू नये. अर्ध्या गावानं ते ऐकलं होतं.

"पोलिसात कळवलंत?" सिंधूताईंनी विचारलं.

"बेडकाईसाठी पोलीस येते का, बाई?" देवीदास म्हणाला. मग आवाज खाली आणून त्यानं पुढचं सांगितलं. "न् कळवाचं तरी कोनाच्या नावानं? जहर कोनं टाकलं ते मले माहीत हाये. माह्या सख्ख्या भावानं."

२

देवीदासकडे सांगण्यासारखं होतं. गोपाल सालभर कुरकुरत होता की तुझ्या बांधीत फवारा नाही, म्हणून तिथले किडे माझ्या धानावर येतात. पंचमीच्या दिवशी कुणी वावरात पाऊल टाकत नाही. देवीदास बायकोला तिच्या माहेरी सोडायला दर्यापूरला गेला होता. वर्षाली सणापुरती अमरावतीला गेली होती. सगळं शिवार मोकळं होतं. आणि शेजारच्या जयवंतानं गोपालला पाठीवर पंप घेऊन बांधीकडून येताना पाहिलं होतं.

"म्याच धाडलं होतं त्याले," पार्बताबाई मधेच म्हणाली. "धुऱ्याचं गवत काढून टाक म्हनलं. जहर टाकाले नोतं धाडलं."

"गवत काढलं?" देवीदासनं धुऱ्याकडे बोट दाखवलं. "पाह्य ना माय. कोठी काढलं?"

सगळ्यांनी पाहिलं. धुऱ्यावर कमरेइतकं गवत उभं होतं, हिरवंगार, वाऱ्यानं हलणारं. एक काडीही कापलेली दिसत नव्हती. पार्बताबाईनं त्या गवतावरून नजर फिरवली आणि तोंडाला पदर लावला.

गोपालला बोलावणं गेलं. तो आला, पांदणीतच उभा राहिला. भावापेक्षा उंच, रागीट चेहऱ्याचा. त्यानं आधी बांधीकडे पाहिलं, मग आईकडे.

"पंचमीले तू इथं आल्ता का?" देवीदासनं विचारलं.

"आल्तो."

"पंप होता?"

"होता."

"त्यात काय होतं?"

गोपालची नजर धुऱ्याच्या कोपऱ्याशी खिळली होती, जिथून माणसं बांधीत उतरतात. सिंधूताईंनीही तिकडे पाहिलं. पाण्यावर तिथे साबणासारखा पांढरा फेस अडकून राहिला होता.

"मले काई इचारू नका," गोपाल म्हणाला आणि वळून चालू लागला.

देवीदासनं त्याच्या पाठीवर ओरडून सांगितलं की आजपासून तू मेला मला. गोपाल थांबला नाही.

सिंधूताई मात्र बाटलीत पाणी भरायला बांधीच्या काठाशी वाकल्या होत्या. बेडूक मेले होते, पण पाण्यावर निवळ्यांसारखे किडे गरगर फिरत होते. डासांच्या अळ्या वळवळत होत्या. धानाच्या बुंध्याशी तुडतुडे बसलेले होते, पान हलवलं की उडत होते. चतुर आपले काड्यांवर टेकत होते.

किड्यांचं विष टाकलं असेल, तर किडे का जिवंत होते?

३

अंजनगावात धर्मेंद्रचं कृषी केंद्र बसस्टँडच्या पलीकडे होतं. डबे, पाकिटं, पंप, आणि भिंतीभर हिरव्या पिकांची चित्रं. वर्षालीनं मागच्या उन्हाळ्यात धामणखेडीच्या सभेत फवारणी कमी करा म्हणून सांगितलं होतं, तेव्हा हाच माणूस उभा राहून म्हणाला होता, "तुमचे बेडूक एक दिवस माह्याच औषधानं मरतीन, ताई." लोक हसले होते. आता ते कुणी विसरायला तयार नव्हतं.

"बोललो होतो," धर्मेंद्रनं लगेच कबूल केलं. त्यानं सिंधूताईंना खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. "राग आल्ता मॅडम. पन बेडूक मारून मले काय भेटते? सांगा तुमी. बेडूक मेले त लोक मलेच धरतीन, एवढी अक्कल हाये मले."

"पंचमीला तुम्ही कुठे होता?"

"इथंच, घरी. वरच राहतो. पाहुणे होते, इचारा कोनालेबी."

"येऊलांकडे तुमच्या दुकानातून काय गेलं?"

धर्मेंद्रनं डोळ्याला डोळा भिडवला. "श्रावण लागल्यापासून त्या घरात माह्या इथून कीटकनाशकाचा एक डबाबी गेला नाही. ना देवीदासकडं, ना गोपालकडं. मारुतीची आन घेतो."

माणूस खोटं बोलत नव्हता. सिंधूताईंनी कोर्टात इतके साक्षीदार पाहिले होते की तेवढं त्यांना कळत होतं. पण तो एक शब्द जरा जास्तच जपून उच्चारत होता, असं त्यांना उगीच वाटून गेलं. कोणता, ते त्या बसमध्ये आठवत राहिल्या आणि आठवेना.

बांधीच्या पाण्याची बाटली त्यांनी अमरावतीला वसंत धारपांकडे दिली. वसंत त्यांचा जुना सहकारी, आता स्वतःची प्रयोगशाळा चालवायचा. "सगळी कीटकनाशकं बघ," त्यांनी सांगितलं. "एकही सोडू नकोस."

त्यानं सोडलं नाही. फोन आला तेव्हा सिंधूताई जठारपेठेत परतल्या होत्या.

"सिंधू, तुझ्या पाण्यात काही नाही," वसंत म्हणाला. "एकाही कीटकनाशकाचा अंश नाही. त्या बांधीत कुणी विष टाकलेलंच नाही."

४

विद्यापीठातले वर्षालीचे मार्गदर्शक म्हणाले, रोग असेल. बेडकांत बुरशीची साथ येते, तशी. वसंतचा निकाल गावात अजून कुणाला माहीत नव्हता; कळला असता तर गावालाही ते पटलं असतं. विष नाही म्हणजे रोग.

सिंधूताईंना पटलं नाही. पांदणीपलीकडे, गोपालच्या बांधीत, जे थोडे बेडूक उरले होते ते अजून जिवंत होते. येऊलांच्या न्हाणीच्या दगडाखाली एक जाडजूड भेक जातीचा बेडूक राहायचा, तोही ठणठणीत होता. रोगाला बैलगाडीची वाट ओलांडता येत नाही, असं कुठे असतं? जे काही झालं होतं ते एकाच बांधीत, एकाच दिवशी झालं होतं. माणसाच्या हातानं.

कुणाच्या?

देवीदासचाही त्यांनी विचार केला. तुडतुड्यांनी धान खाल्लं जात होतं, शब्द पाळणं जड झालं असेल. पण तो खरोखर दर्यापूरला होता, सासरच्यांनी सांगितलं. आणि चोरून फवारलं असतं, तर तुडतुडे आधी मेले असते.

राहिला गोपाल, ज्यानं काही सांगितलंही नव्हतं आणि नाकारलंही नव्हतं. गवत काढायला गेला, असं आईनं सांगितलं. गवत तर उभं होतं. म्हणजे आईला फसवून गेला. गावानं निकाल लावून टाकला होता. त्याच्या झेंडूला गावातलं कुणी हात लावेना. पार्बताबाईनं धाकट्याच्या घराकडे जाणं बंद केलं. भिंतीला भिंत लागून, पण ती अंगणातसुद्धा त्या बाजूला तोंड करून बसेना.

आठवडाभरानं वर्षालीचा परत फोन आला. तिला गाव सोडायचं होतं, सामान आवरायला सोबत हवी होती.

सिंधूताई धामणखेडीत उतरल्या आणि घरी न जाता आधी बांधीकडे गेल्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. उघाड पडली होती, ऊन चांगलं होतं. पांदणीच्या वळणावरून बांधी दिसली आणि त्या जागच्या जागी थांबल्या.

धुऱ्यावरचं गवत पिवळं पडलं होतं. शेंड्यापासून मुळापर्यंत, धुऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, जसा कुणी पिवळा पट्टा ओढला असावा. दोन्ही बाजूंचं बाकी शिवार हिरवं होतं.

५

"पंचमीला तुमच्या गावात विळा चालवतात का गं?" सिंधूताईंनी विचारलं. वर्षाली मागून येऊन उभी राहिली होती.

"नाही. कापत नाहीत, चिरत नाहीत, खणत नाहीत. पार्बतामावशी त्या दिवशी भाजीसुद्धा चिरत नाहीत."

"मग गोपालभाऊ गवत काढायला गेले ते कशानं?"

वर्षालीनं पिवळ्या धुऱ्याकडे पाहिलं. तिला उत्तर सुचायला वेळ लागला नाही. "तणनाशक," ती हळू म्हणाली. "मारल्याबरोबर काही दिसत नाही. गवत आठवडाभर हिरवंच राहतं. म्हणजे मावशींना त्यांनी फसवलं नव्हतं, आत्या. त्यांनी गवतच मारलं."

"हो."

"मग बेडूक?"

सिंधूताईंनी खाली बसून कोपऱ्यातल्या पाण्यात बोट बुडवलं. फेस आता राहिला नव्हता. "मी वसंतला कीटकनाशकं शोधायला सांगितली, त्यानं तीच शोधली. धर्मेंद्रनं मला सांगितलं की कीटकनाशक गेलं नाही, तेही खरंच होतं. मी तणनाशकाचं विचारलंच नाही. गवतावर औषध पसरून चिकटावं, म्हणून त्यात साबणासारखं काहीतरी घातलेलं असतं. किड्याच्या कवचाला ते फारसं काही करत नाही. पण बेडूक कातडीनं श्वास घेतो, त्याची पिल्लं कल्ल्यांनी. धुऱ्याच्या गवतात बसलेल्यांच्या अंगावर ते थेट पडलं. बाकीचं पाण्यात उतरलं. वर पंपही इथेच धुतलेला दिसतो."

"काकांनी मला कीटकनाशक मारणार नाही, असा शब्द दिला होता," वर्षाली म्हणाली. "मीच तसा मागितला होता. कीटकनाशक."

मग सिंधूताईंनी तो प्रश्न विचारला, जो न विचारता राहिला असता तर बरं झालं असतं.

"गवत तर महिनाभर वाढत होतं. ऐन सणाच्या दिवशी ते काढायची घाई पार्बताबाईंना का झाली?"

वर्षाली धुऱ्याच्या कडेलाच बसली.

"आदल्या दिवशी गवतातून घोणस निघाली होती," ती म्हणाली. "माझा पाय तिच्यावर पडता पडता राहिला. मी जेवताना मावशींना सांगितलं. हसत सांगितलं गं. सणाहून परत आले की पुन्हा याच वाटेनं यायचं आहे, असंही म्हणाले."

"त्या काय म्हणाल्या?"

"काही नाही. माझ्या ताटात आणखी एक भाकर वाढली."

गोपाल घरामागच्या वाफ्यात झेंडू तोडत होता. गावात कुणी घेत नसलं तरी फुलं तोडावी लागतातच, नाहीतर झाड थकतं. सिंधूताईंना पाहून त्यानं टोपली खाली ठेवली.

"गवत पाह्यलं तुमी," तो म्हणाला.

"तुम्हाला कधी कळलं, गोपालभाऊ?"

"त्याच सकाळी. कोपऱ्यात फेस दिसला न् समजलं मले. गवत दाट होतं म्हून औषध जास्तच घातलं होतं म्या. पंप तेथंच धुतला. बेडकाईले त्याचं काई होते, हे मले काय ठाव? डब्यावर गवताचं चित्र असते."

"मग तेव्हाच सांगायचं होतं. कुणी तुम्हाला दोष दिला नसता."

"मले नसता देल्ला." त्यानं भिंतीपलीकडे पाहिलं. तिकडून आईच्या खोकल्याचा आवाज येत होता. "ताई, तिनं मारुतीपुढं पदर पसरला. ज्यानं केलं त्याच्या घरात दिवा लावाले कोनी राहू नये म्हने. धाडलं तिनं न् मारलं म्या. आता तिले कसं सांगू का माय, तो शाप तू तुह्यावरच घेतला? ती मानते हे सगळं. तिच्या जिवाले लागन."

"आणि तुम्ही? तुम्ही नाही मानत?"

गोपालनं घराकडे पाहिलं. त्याच्या घरातून त्याच्या लहान मुलीचा पाढे म्हणण्याचा आवाज येत होता.

"वर्षालीले सांगा," तो शेवटी म्हणाला. "तिचं शिक्षन हाये, तिले खरं पायजे. आईले नको."

त्याच वेळी पुढच्या अंगणातून पार्बताबाईची हाक आली. पंचमीनंतर पहिल्यांदाच ती धाकट्या लेकाला नावानं हाक मारत होती.

६

म्हातारीच्या मुठीत पिवळं गवत होतं. ती बांधीवरून तशीच चालत आली होती, पायांना चिखल होता, आणि तिचा चेहरा उजळला होता.

"पाहा बाई," तिनं सिंधूताईंपुढे मूठ धरली. "जयलं. सगळं जयलं. गवतच मारलं होतं त्यानं. माह्या लेकानं मले फसवलं नोतं."

देवीदास तिच्या मागं उभा होता. तो पुढे झाला आणि भावासमोर मान खाली घालून राहिला. बोलायची सवय नव्हती, त्यामुळे शब्द सापडेनात. त्यानं गोपालच्या खांद्यावर हात ठेवला.

"म्या तुले मेला म्हनलं," तो म्हणाला. "माहं चुकलं."

गोपालनं डोळे मिटून घेतले. क्षणभर सिंधूताईंना वाटलं, आता सगळं इथेच थांबेल. बेडूक गेले ते गेले, पण हे घर तरी जुळेल.

पण देवीदास थांबला नाही. आठवडाभर जो राग त्यानं भावावर धरला होता, त्याला आता जागा हवी होती. "मंग दुसरा कोन? सभेत कोन बोल्ला होता, माह्याच औषधानं मरतीन म्हून?" त्यानं भिंतीशी टेकलेली काठी उचलली. "चाल गोपाल. त्या धर्मेंद्राले दुकानातून ओढतो आता."

अंगणाबाहेर दोघं-चौघं जमले होतेच. एकानं मोटारसायकल सुरू केली. दुसरा म्हणाला, दुकानच फोडून टाकू.

"थांबा," सिंधूताई म्हणाल्या. "धर्मेंद्रनं काही केलेलं नाही."

"तुमाले कसं माहीत?"

"मी पाणी तपासलं आहे."

"मंग सांगा ना बाई," पार्बताबाई म्हणाली. अगदी भाबडेपणानं, मुठीतलं गवत तसंच धरून. "तुमची त जिंदगी गेली यात. कोनं मारले पोरीचे बेडूक?"

सगळे सिंधूताईंकडे पाहत होते. कोर्टात उभं राहून त्यांनी कितीदा हे उत्तर दिलं होतं, आवाज न कापता. वर्षालीनं त्यांचा दंड धरला होता. सिंधूताईंनी तोंड उघडलं आणि त्यांना दिसलं की बाहेर मोटारसायकल चालूच आहे. नाव घ्यावं लागणार होतं. नाव न घेता ती काठी खाली येणार नव्हती.

"म्या," गोपाल म्हणाला.

देवीदासचा हात अजून त्याच्या खांद्यावर होता.

"गवताचं मारून झालं, मंग पंपात दुसरं औषध भरलं न् तुह्या बांधीत ओतलं," गोपाल एका सुरात सांगत गेला, पाठ केल्यासारखा. "तुह्या बांधीतले किडे माह्या धानात येत. ह्या पोरीनं माह्या वावराची बदनामी लावली. राग होता मले. धर्मेंद्राचा काई संबंध नाई."

कुणीतरी बाहेर मोटारसायकल बंद केली.

सिंधूताईंच्या पर्समध्ये वसंतचा कागद होता. पाण्यात दुसरं काही नाही, एवढं एक वाक्य, आणि हे खोटं तिथल्या तिथे कोसळलं असतं. गोपाल त्यांच्याकडे पाहत होता. त्या पाहण्यात विनंतीसुद्धा नव्हती, नुसता थकवा होता. त्यांनी पर्सवरचा हात काढून घेतला.

देवीदास काठी टाकून घरात गेला. पार्बताबाई उभीच राहिली. मूठ सैल झाली आणि गवत पायाशी पडलं.

"आता माह्या दारात येऊ नको," ती गोपालला म्हणाली.

तो गेल्यावर ती वर्षालीजवळ आली. आपल्या पदरानं तिनं पोरीचं तोंड पुसलं.

"तुहं नुकसान माह्या घरानं केलं, माय," ती म्हणाली. "मले माफ करजो."

वर्षालीला हुंदका आवरेना. ती म्हातारीच्या गळ्यात पडली आणि म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, तिची समजूत घालत राहिली.

७

सामान ऑटोत भरून दोघी निघाल्या. निघताना देवीदासनं वर्षालीला सांगितलं की पुढच्या साली तो बांधी तशी ठेवू शकणार नाही. तुडतुड्यांनी धानात पिवळे चट्टे पाडले होते. बेडूक नव्हते, तर किडे खायला कोण राहिलं? म्हणजे फवारा आला. त्यात त्याचा राग नव्हता, उपायही नव्हता.

"मी प्रबंधात खरं लिहीन," वर्षाली ऑटोत म्हणाली. "तणनाशक, धुरा, सगळं. इंग्रजीत. धामणखेडीत ते कुणी वाचणार नाही, म्हणून लिहिता येईल."

सिंधूताईंनी मान हलवली. त्यांना तेवढ्यावर बसमध्ये बसवेना. अंजनगावला उतरल्यावर त्या धर्मेंद्रच्या दुकानात गेल्या आणि काय घडलं ते त्याला सांगितलं. नावं घेतली नाहीत. फक्त औषधाचं सांगितलं.

धर्मेंद्रनं सगळं ऐकून घेतलं. फळीवरून एक डबा काढला, उलटा केला, आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

"हे पाहा. पाण्यातल्या जिवाले अपायकारक. लिहिलं हाये, मॅडम."

"तुम्ही गिऱ्हाइकाला वाचून दाखवता?"

"पाण्यात जाऊ देऊ नका, एवढं सांगतो. पन धुरा बांधीले चिकटून असते. औषध जाईन कोठी?" तो भांडत नव्हता. "गवत काढाले मजूर भेटत नाई. म्या नाई देल्लं त समोरचा देईन."

दारात एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. "धुऱ्याच्या गवताचं औषध द्या भाऊ," ती म्हणाली. "लय माजलं हाये."

धर्मेंद्रनं सिंधूताईंकडे पाहिलं. तो डबा अजून त्याच्या हातातच होता.

सिंधूताईंनी त्या बाईला सांगितलं. सोप्या शब्दांत, सगळं. बाईनं नीट ऐकलं. मोठ्या माणसाचं ऐकावं तसं, अदबीनं.

"बेडूक मरतीन म्हन्ता?"

"हो. सगळे."

बाईनं जरा विचार केला. "मागच्या साली माह्या पोरीले त्याच धुऱ्यावर साप चावला, बाई," ती म्हणाली. "अमरावतीच्या दवाखान्यात होती. वाचली. तिले रोज त्याच वाटेनं शाळेत जा लागते. मंग मी काय करू, तुमीच सांगा."

ती खरंच विचारत होती. सिंधूताई तिच्याकडे पाहत राहिल्या. धर्मेंद्रही थांबला होता, त्यांच्या तोंडाकडे बघत.

बाहेर वर्षालीनं हाक मारली, अकोटची बस लागली होती.

सिंधूताई बाजूला सरकल्या. त्यांच्यामुळे त्या बाईची काउंटरकडे जायची वाट अडली होती.